वाटीवर आडवा हात

एकनाथ काका सातपुते सांगतात त्यातलं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं, ते लतिका काकूंनाही एवढा संसार होऊन अजून कळलेलं नाही. कोल्हापूर डेपोत एसटीचे कंडक्टर म्हणून काकांचा जन्म गेला. गगनबावड्याच्या वळणांवरून भरलेली गाडी कुणाला उलटी होऊ न देता न्यायची, तर दर वळणाला एक ताजी थाप लागते. पेन्शनीत निघून ते मुलाकडे, राजसकडे, अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी राहायला आले, तेव्हा एसटी मागे राहिली, पण थापा विमानात बरोबर आल्या. त्यांचं वजन भरत नाही ना.

तर दोन हजार सहाच्या हिवाळ्यात नोव्हायला बर्फ असं पडलं, की अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्या म्हणून दिसेनात, नुसती पांढरी वारुळं. काकांनी फावडं घेतलं आणि घाम निघेस्तोवर उपसून राजसची गाडी मोकळी केली. काच घासली, आरसे पुसले, पुढे नारळ तेवढा फोडायचा राहिला. तर ती निघाली शेजाऱ्याची! पलीकडे एक किडकिडीत जपानी पोरगा कानटोपी घालून दुसरं वारूळ उपसत होता. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपण घासूनपुसून लखलखीत केलेली गाडी दाखवली. ती राजसची होती. आता गाड्या बदलाव्यात की किल्ल्या, हे ठरवायला काकांनी त्याला चहाला वर ओढला. हा भाग निम्म्यातल्या खऱ्या बाजूचा असावा, कारण पोरगा खरोखरच वर आला आणि मग येतच राहिला.

नाव तेत्सुओ. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत इंजिनिअर. पहिला कप संपायच्या आत काकांनी त्याचा तात्या करून टाकला.

पहिल्या जेवणाला तात्या मरता मरता वाचला. त्यात कुणाचाच दोष नव्हता. जपानात वाढलेलं पानात टाकणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं. आणि लतिका काकूंच्या घरात पाहुण्याची वाटी रिकामी दिसणं म्हणजे चारचौघांत नाक कापल्यासारखं. काकूंनी पांढरा रस्सा वाढला. तात्याने वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि फुर्र फुर्र आवाज करत तळापर्यंत ओरपली.

"अगं बाई, ओरपतोय बघा कसा!" काकूंना भरून आलं. अमेरिकेत आल्यापासून चमच्याने बिनआवाजाचा रस्सा खाणारी माणसं बघून त्यांचा जीव कसनुसा झाला होता. त्यांनी वाटी भरली. तात्याने रिकामी केली. त्यांनी भरली. त्याने केली. काका म्हणतात पातेलं संपलं, मग शेजारच्या गुजराथ्याकडून कढी आणून भरती केली. शेवटी तात्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं, तेव्हा सुनेने, हिमानीने, त्याचा हात धरून वाटीवर आडवा ठेवला.

"असं करायचं," ती इंग्रजीत म्हणाली. "तोंडाने नको म्हटलेलं आमच्यात मोजत नाहीत."

एका शनिवारी काका बाल्कनीत ऊन खात चप्पल शिवत बसले होते. काका चांभाराच्या घरातले. बापाने हातात आरी दिली ती त्यांनी एसटीत असतानाही सोडली नव्हती. पायात बारा महिने स्वतःच्या हातची कोल्हापुरी, बर्फात खाली मोजे. तात्या शेजारी उकिडवा बसला, चामड्याचा तुकडा उचलून त्याने नाकाला लावला आणि बराच वेळ बाजूला केला नाही.

"माय ग्रँडफादर," तो म्हणाला. "सेम स्मेल."

"आजोबा जोडे करायचे?"

"कातडी कमावायचे. नदीकाठी. आमचं सगळं गाव तेच करतं." मग तो कठड्यापलीकडे पाहत म्हणाला, "बुराकू. काकांना माहिती आहे बुराकू?"

काकांना माहिती नव्हतं. पण हिमानी ॲन आर्बरच्या विद्यापीठात जन्मावरून होणाऱ्या भेदभावावरच पीएचडी करत होती. आतून हातातलं पुस्तक तसंच घेऊन ती बाहेर आली. "बाबा, ही त्यांच्याकडची जुनी बहिष्कृत वस्ती. कातडं, कत्तलखाना, मेलेलं जनावर, ही कामं ह्यांच्याकडे. एकोणिसाव्या शतकातच कायद्याने सगळे सारखे झाले. दिसायला सारखे, बोलायला सारखे, धर्म तोच. पण लग्न ठरायला आलं की लोक हळूच विचारतात, मूळचे कुठले?"

काकांनी मांडीवर असा हात मारला की आरी उडून खालच्या मजल्यावर गेली. "अगं, म्हणजे आपल्या मंडळातल्या शुभावहिनी!"

शुभावहिनींचा किस्सा तेव्हा डेट्रॉइट परिसरातल्या सगळ्या मराठी घरांत गाजत होता. बिचारं सातपुते हे आडनावच चावट. सगळ्या जातींत सापडतं, त्यामुळे ऐकणाऱ्याचा काही उलगडा होत नाही. मंडळाच्या संक्रांतीला शुभावहिनी बशी घेऊन काकांच्या शेजारी येऊन टेकल्या.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"कोल्हापूर."

"कोल्हापुरात कुठल्या बाजूला?"

"ज्या बाजूला वारा असेल त्या."

"इश्श! तसं नाही, कुलदैवत कुठलं म्हणते मी."

"ज्योतिबा."

"तो तर सगळ्यांचाच. लग्नकार्य साधारण कुणाकुणात होतं तुमच्यात?"

"बाया आणि पुरुषांत."

काकांनी त्यांना पन्हाळ्यापासून निपाणीपर्यंत सगळे स्टॉप घेत फिरवून आणलं आणि शेवटी घंटी मारली. "वहिनी, आम्ही चांभार. सरळ विचारलं असतं तर तुमची भजी निवली नसती."

हे ऐकून तात्या हसला, मात्र पुरता नाही. जपानात त्याचं एकदा लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी एक माणूस लावून तो कुठल्या गावचा हे काढलं, आणि दोन वर्षांचं मैत्र एका फोनवर मोडलं. तात्याची आई त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेली होती. कशाची माफी, ते तिलाही सांगता आलं नव्हतं. त्यानंतर कंपनीने मिशिगनला कोण जातं विचारलं, तेव्हा तात्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

आणि आता पुन्हा तोच घाट आला होता. हिमानीबरोबर विद्यापीठात मिदोरी नावाची ओसाकाची मुलगी शिकत होती. तात्याची आणि तिची गाठ काकूंच्याच टेबलावर पडली होती, म्हणून काकू स्वतःला ह्या लग्नाच्या मध्यस्थ समजत. तात्याने मिदोरीला सगळं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, "मग?" तिच्याकडून एवढंच. पण तिला आई नव्हती. वडिलांनी एकट्याने वाढवलेली, तिचा शाळेचा डबा रोज स्वतः भरून दिलेला. "लग्न तर मी करीनच," ती म्हणायची, "पण बाबा आले नाहीत तर त्या दिवशी मी हसू कशी?" तात्याला ती हसायला हवी होती. त्याचं सगळं एवढ्यावर अडलं होतं.

वडील, हायाशीसान, मार्चमध्ये आले. मुलीला भेटायचं हे निमित्त. खरं काम निराळंच होतं. ओसाकात गुप्तहेर कंपन्यांना असली वस्तीची चौकशी करायला नियमाने मनाई आहे. तेव्हा हायाशीसाननी ठरवलं, की दुसऱ्याला मनाई आहे ना, मग आपणच करू. जपानी रीत अशी, की चौकशी शेजाऱ्यांकडे करायची. आणि मुलाचे शेजारी कोण? सातपुते, नोव्हाय, मिशिगन.

"बाबा, मी त्यांच्याशी बोलते," हिमानी म्हणाली. तिने कागदांची चळत तयारच ठेवली होती. "गेल्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचा माणूस जपानात जाऊन आलाय. त्याच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय, भेदभाव आहे आणि त्याविरुद्ध कायदा करा म्हणून. आंतरराष्ट्रीय दबाव वाढतोय. हे त्यांना दाखवू या."

"दाखव की," काका म्हणाले. "पण आधी जेवू दे. उपाशी माणसावर कसला दबाव टाकतेस? दबायला पोटात काहीतरी पाहिजे."

"आणि तुम्ही थापा मारू नका. प्लीज."

"मी? कधी मारल्यात?"

काकूंनी राजसला डिअरबॉर्नला पिटाळून मटण आणवलं. रविवारी राजस प्लांटवर गेला. "बाबा, जपानी लोक फार फॉर्मल असतात हां," एवढं बजावून तो सुटला. अकराच्या सुमाराला घरात पांढरा आणि तांबडा असे दोन्ही रस्से उकळ्या फोडत होते, आणि तात्या सूट घालून सोफ्याच्या टोकावर असा बसला होता, जसा काही सोफाही हायाशीसानचाच असावा.

हायाशीसान म्हणजे इस्त्री केलेला माणूस. दारातच वाकले, भेटीचा खोका पुढे केला, बूट काढले. मग खाली बसून त्यांनी आपलेच नव्हे तर दारातले सगळे बूट, चपला, हिमानीचे स्नोबूटसुद्धा, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ओळीने लावले.

"माणूस शिस्तीचा आहे गं," काकू कुजबुजल्या. "आपल्या राजसला दे म्हणावं थोडी."

जपानी माणसाला घरात पायात काहीतरी लागतं हे काकांना तात्याकडून ठाऊक होतं. त्यांनी करकरीत नवी कोल्हापुरी पुढे ठेवली. हायाशीसाननी पाय घातले. कर्र. ते थबकले. पुढचं पाऊल टाकलं. कर्र. मग टेबलाकडे जायचं सोडून ते आधी खिडकीपर्यंत जाऊन आले, कर्र कर्र कर्र, आणि चेहऱ्याची एक इस्त्री मोडली.

जेवणं सुरू झाली. बोलण्याची व्यवस्था अशी होती, की हायाशीसान जपानीत बोलायचे, मिदोरी त्याचं इंग्रजी करायची, हिमानी इंग्रजीचं मराठी. परत जाताना उलटं. वाटेत दोन टोलनाके, त्यामुळे काकांची लांबलचक वाक्यं पलीकडे पोचेपर्यंत सडपातळ व्हायची.

हायाशीसाननी पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलली आणि ओरपली. काकूंनी भरली. ओरपली. भरली. तात्या हे खाली मान घालून पाहत होता. वाटीवर आडवा हात धरायची युक्ती त्याला येत होती, पण होणाऱ्या सासऱ्याला जेवताना शिकवायचं धाडस होईना. शिवाय, पुढे मिदोरीजवळ त्याने कबूल केलं म्हणतात, त्याला थोडी मजाही वाटत होती.

तिसऱ्या वाटीनंतर हायाशीसाननी हळूच विषय काढला. "हा मुलगा तुमचा शेजारी. कसा आहे?"

"गाडी चांगली घासतो," काका म्हणाले.

"आपल्या गावाबद्दल कधी बोलतो का तो?"

"बोलतो की."

"गाव..." हायाशीसाननी नॅपकिनाने ओठ टिपले. "नदीकाठी आहे का?"

काकांचे डोळे लकाकले. हिमानीकडे झुकून ते म्हणाले, "आला! शुभावहिनींचा थोरला भाऊ आला!"

"बाबा, हे ट्रान्सलेट करू का मी?"

"नको. त्यांना सांग, मुलाचे वडील नाहीत, आई लांब. तेव्हा मुलाकडचे आम्ही. आणि आमच्यात आधी मुलाकडचे विचारतात. काय हो, मुलीच्या मामाचं गाव कुठलं?"

प्रश्न दोन टोलनाके ओलांडून गेला. हायाशीसान चकित झाले, पण रीतीचा माणूस, उत्तर दिलं. काकांनी मान डोलावून पुढचा टाकला. मुलीचे आजोबा काय करायचे? भाताचा व्यापार. त्यांचे वडील? तेच. त्यांचे?

"ते... बहुधा तेच."

"बहुधा?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाव काय त्यांचं?"

हायाशीसानना आठवेना.

"गाव?"

तेही नक्की सांगता येईना. काका खुर्चीत मागे रेलले आणि काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "लतिका, हे काही मला बरं दिसत नाही. माणूस लपवतोय म्हणजे काहीतरी असणार! नदीकाठी होतं का हो तुमचं गाव?"

तेवढ्यात काकूंनी वाटी भरली. ह्या वेळी तांबड्याने.

हायाशीसान लाल झाले. रश्श्याने की प्रश्नाने, सांगणं कठीण. ते ताडकन काहीतरी बोलले. मिदोरीने त्याचं इंग्रजी केलंच नाही. ती वडिलांकडे वळली आणि जपानीतच बोलली. तात्याने ते दबक्या आवाजात हिमानीला सांगितलं. "ते म्हणाले, माझ्या पणजोबांच्या वडिलांशी ह्या लग्नाचा काय संबंध? आणि ती म्हणाली, बाबा, मी परवा विमानतळावर तुम्हाला हेच विचारलं होतं."

मग हायाशीसाननी वाटी खाली ठेवली आणि हळू, तोलून बोलायला लागले. आपण वाईट माणूस नाही. पण नातेवाईक आहेत, समाज आहे. आणि अलीकडे बाहेरचे लोक येतात, आठवडाभर हिंडतात, अहवाल लिहितात, जपानने असं करावं, तसं करावं. वर्तमानपत्रात वाचून त्रास होतो. हा आमच्या घरातला प्रश्न आहे. बाहेरच्यांनी त्यात पडू नये.

हिमानीने कागदांच्या चळतीला हात घातला. काकांनी तो वरचेवर धरला.

"थांब. हे मला लई ओळखीचं वाटतंय. डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय निघाला तेव्हा आपले साहेबलोकही हेच म्हणाले होते ना? अंतर्गत बाब. सांग त्यांना, हायाशीराव, तुम्ही तर अगदी आमचेच निघालात! सोयरीक जुळली म्हणायची. आणि हेही सांग, घरातलं घरात ठेवा असं म्हणणारा नेहमी तोच असतो, ज्याच्या हातात काठी असते. ज्याच्या पाठीवर बसते तो खिडक्या उघडतो."

हिमानीने सांगितलं. मिदोरीने सांगितलं. हायाशीसानची नजर खाली गेली, पायांकडे. अवघड जागेवरून उठायला माणूस काहीतरी आधार शोधतो, तसं त्यांनी चपलेकडे बोट केलं.

"काम फार सुरेख आहे. कोणाच्या हातचं?"

इथे काकांना केवढी मोठी संधी होती! राजे, महाराजे, ज्योतिबाच्या डोंगरावरची पंख फुटलेली म्हैस, काय वाटेल ते ओवता आलं असतं. काकूही रश्श्याचा डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या, आता कुठली गाडी सुटते ते ऐकायला. पण काकांनी ह्या खेपेला तिकीट जवळचंच फाडलं.

"माझ्या हातचं. बापाने शिकवलं. नवरदेवाच्या पायात बापाचीच चप्पल असायची, आणि बापाला त्या लग्नाच्या पंगतीत बसू देत नव्हते. आम्ही चांभार."

वाक्यं लहान होती. दोन्ही टोलनाक्यांवरून ती जशीच्या तशी गेली.

मग सूट घातलेला तात्या खुर्चीत ताठ बसला, हात मांडीवर ठेवले आणि सरळ हायाशीसानकडे बघून जपानीत बोलला. मिदोरीने त्याचं इंग्रजी केलं नाही, आणि गरजही पडली नाही. आजोबा, नदी, कातडं, बुराकू. त्यातला एक शब्द सगळ्यांना कळत होता. बोलून झाल्यावर त्याने मान खाली घातली नाही. मिदोरीने टेबलाखाली त्याचा हात शोधला.

हायाशीसानसमोर तांबड्या रश्श्याची भरलेली वाटी होती. त्यांना उठता येत होतं. दारात बूट तोंड बाहेर करूनच ठेवलेले होते. पण ज्या घरात बसून अर्धं पातेलं जेवलं, तिथे भरली वाटी टाकून उठायचं, म्हणजे ज्या रीतीसाठी एवढा समुद्र ओलांडून आलो तीच पायदळी तुडवायची. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग हायाशीसाननी दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत फुर्र करून ओरपली.

मिदोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. हायाशीसानच्याही आलं, पण ते मिरचीचं.

आता खरं म्हणजे इथे सगळ्यांनी हळवं व्हायचं. पण काकू एवढा वेळ दारात उभ्या राहून अपराध्यासारख्या झाल्या होत्या, की पाहुणा जेवतोय आणि आपलं वाढण्याकडे लक्ष नाही. रिकामी वाटी दिसली मात्र, त्या लगबगीने आल्या आणि डाव ओतला. हायाशीसाननी वाटीकडे पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि प्यायले. काकूंनी भरली. प्यायले. कपाळावर घाम, कान जास्वंदीसारखे. काकूंनी भरली. रीतीचा माणूस! वाटीकडे हात पुन्हा निघाला.

तेव्हा तात्या उठला. टेबलाला वळसा घालून तो त्यांच्यामागे गेला, वाकला आणि त्यांचं मनगट धरून तळहात अलगद वाटीवर आडवा ठेवला.

काकूंचा डाव हवेत थांबला. "आता बास का? मग एवढा वेळ काय झालं होतं सांगायला!"

हायाशीसाननी आपल्या हाताकडे पाहिलं. डावाकडे पाहिलं. हात किंचित उचलून बघितला. डाव पुढे आला. हात ठेवला, डाव थांबला. आणि तो इस्त्रीचा माणूस खो खो हसत सुटला, खुर्ची मागेपुढे व्हायला लागली. हसता हसता मान वळवून तो म्हणाला, "अरिगातो, तेत्सुओ-कुन." मिदोरीने नंतर सांगितलं, आभार मानताना लावलेलं ते 'कुन' आपल्या पोराला लावतात; तोवर बाबा त्याला 'तो इसम' म्हणत होते.

जाताना ते चपला काढायला विसरले. बूट हातात घेऊन, बर्फातून कर्र कर्र करत गाडीपर्यंत गेले. काका म्हणतात ते विसरले नव्हते.

ओसाकातल्या सगळ्यांची मनं एका रश्श्यात पालटली असं काकाही म्हणत नाहीत. हायाशीसाननी जाताना एवढंच कबूल केलं होतं, की लग्नाला येईन, नातेवाइकांचं बघू. पण वसंत आल्यावर मिदोरीचा फोन आला, तो ऐकून काकांनी काकूंना स्वयंपाकघरातून ओढून आणलं. हायाशीसान थोरल्या भावाच्या घरी सणाला गेले होते, पायात कोल्हापुरी घालून. सगळं घर त्या आवाजाने गोळा झालं. भावाने विचारलं, ही कुणी बनवली? माझ्या व्याह्यांनी, हायाशीसान म्हणाले. व्याही कसले, कुठले, असं भावाने हळूच सुरू केल्यावर ते म्हणाले, "पुढचा प्रश्न जरूर विचार दादा, पण आधी आपल्या पणजोबांच्या वडिलांचं नाव सांग."

"बघ," काका हिमानीला म्हणाले, "ह्याला म्हणतात आंतरराष्ट्रीय दबाव. तुझ्या थिसिसमध्ये घाल."

"घालते. सोर्स काय लिहू?"

"लिही, पातेलं."

जूनमध्ये नोव्हायच्या कम्युनिटी हॉलमध्ये लग्न लागलं. तात्याची आई आली. चिमणीएवढी बाई, सगळ्यांच्या मागे राहणारी. तिने आपले जोडे काढून दाराच्या पार कोपऱ्यात, भिंतीला लावून ठेवले, कुणाच्या पायात येऊ नयेत अशा बेताने. शेरवानीत घामेजलेले काका ते बघत होते; त्यांच्या आधी हायाशीसाननी पाहिलं. भारी किमोनो सावरत ते खाली बसले, ते जोडे दोन्ही हातांनी उचलले, पुढच्या ओळीत आपल्या कोल्हापुरीशेजारी आणले आणि तोंडं बाहेर करून नीट लावले.

पंगतीत मिदोरी एवढी हसत होती की फोटोवाल्याने एक फोटो बिनहसण्याचा मागितला. हायाशीसान आणि तात्याची आई शेजारीशेजारी बसली. काकूंनी हट्टाने पांढरा रस्साच ठेवला होता. आईने वाटी दोन्ही हातांनी उचलली, शेवटपर्यंत ओरपली आणि हलकेच खाली ठेवली.

हॉलच्या दुसऱ्या टोकावरून काकूंना ती रिकामी वाटी दिसली. डाव घेऊन त्या निघाल्या. वाटेत शुभावहिनी होत्या, त्यांना त्यांनी बाजूला सारलं. आई पाहत राहिली, काय येतंय ते तिला कळेना. काकू पोचल्या, डाव कलला, आणि हायाशीसाननी किमोनोची बाही मागे सारून आपला हात तिच्या वाटीवर आडवा धरला.